हात मोकळे हवेत

"समदं ठीक हाय, पर ही काकणं मातूर काढाय लागतील बरं का बाई," असं म्हणत आक्काताईनं प्रमोदिनीचा हात मनगटाशी उचलला आणि खिडकीतल्या उजेडाकडं धरला. आक्काताई म्हणजे सांगलीतल्या डॉक्टर आगाश्यांच्या प्रसूतिगृहातली आया. तिच्या बोलण्यात आडपडदा नव्हता आणि हातात नरमाई नव्हती. प्रमोदिनी तपासणीच्या टेबलावरून नुकतीच उतरून पायानं चपला चाचपत होती. त्याआधी डॉक्टरांनी जे सांगितलं, ते तिनं शाळेचं वेळापत्रक ऐकावं तसं मान डोलावत ऐकून घेतलं होतं. गुरुवारी सकाळी यायचं. बुधवारी रात्री जेवायचं नाही. ईथर देऊन झोपवणार, पोटावर छेद घेणार आणि मूल बाहेर काढणार. कळा सुरू होण्याची वाटच बघायची नाही. हे ऐकताना तिला भीती वाटली नव्हती, उलट हसूच आलं होतं. लोकांची मुलं अवेळी, घरात कुणी नसताना, दारात टांगा मिळेना अशा वेळी येतात, आणि आपलं येणार ते कलेक्टरसाहेबासारखं आधी दिवस कळवून. पण आक्काताईनं हात वर धरला आणि हिरव्या बांगड्यांचा तो गठ्ठा मनगटावरून तसूभरही घसरला नाही, तेव्हा ते हसू मावळलं. हात सुजले होते. काच मांसात रुतून बसली होती. इतके दिवस हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

"न्हाई निघत ह्या," आक्काताईनं निकाल दिला. "फोडाव्या लागतील. फडकं टाकायचं, वरनं बत्त्यानं टिच्चून घ्यायचं. काय हुत न्हाई."

"हात मोकळे हवेत," पलीकडे हात धुता धुता डॉक्टर म्हणाले. "एका हातात सुई टोचलेली असणार, दुसऱ्यावर माझा माणूस नाडी बघणार. गळ्यातलं राहू द्या, ते पट्टीनं मानेमागं बांधून टाकू. काच मात्र नको." एवढं बोलून ते टॉवेल शोधायला लागले.

बाहेर चिंतामण टांगा धरून उभा होता. प्रमोदिनीचा हा नवरा विश्रामबागेतल्या कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायचा, आणि बिचाऱ्यानं या शस्त्रक्रियेबद्दल इतकं वाचून ठेवलं होतं की डॉक्टरांच्या वाट्याची काळजीही तोच करायचा. "काय म्हणाले?" त्यानं विचारलं. "गुरुवार," ती म्हणाली, "आणि बांगड्या काढायच्या." "एवढंच ना!" म्हणून तो एकदम सुटल्यासारखा झाला, आणि टांगेवाल्याशी रॉकेलच्या टंचाईवर बोलायला लागला. टांगा मिरजेच्या रस्त्याला लागला. प्रमोदिनी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. एवढंच! ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. लांबलचक उदाहरण अचूक सोडवत आणून शेवटच्या ओळीत हातचा विसरला की मुलींची तोंडं कशी होतात ते तिला ठाऊक होतं. आज तिचं स्वतःचं तसं झालं होतं. कारण बाकीचं सगळं तिनं आपण होऊन ठरवलं होतं. लहानपणीच्या मुडदुसानं कमरेचं हाड अरुंद राहिलंय, मूल त्या वाटेनं यायचं नाही, वाट बघत बसलो तर दोघांचाही जीव टांगणीला लागेल, असं डॉक्टरांनी मापं घेऊन पाचव्या महिन्यातच सांगितलं होतं. त्यावर सासूबाईंनी वाईच्या एका नावाजलेल्या सुइणीचं नाव काढलं, शेजारीणबाईंनी नवस सुचवला, आणि शाळेतल्या मुख्याध्यापिकेनं 'मुंबईच गाठा' म्हणून सांगितलं. प्रमोदिनीनं सगळ्यांचं ऐकलं, सगळ्यांना चहा पाजला आणि सांगून टाकलं की हाड माझं, पोट माझं, मी डॉक्टर आगाश्यांकडं जाणार. तिच्या आवाजात तेव्हा जो करारीपणा होता तो वर्गातला होता, आणि वर्गात तिच्यापुढं कुणी हूं की चूं करत नसे.

मुडदूस म्हटलं की तिला आजार आठवत नसे, ऊन आठवे. साताऱ्याच्या घराचं मागचं परस, अजिंक्यताऱ्याच्या अंगानं येणारा गार वारा, आणि तुळशीपासून न्हाणीपर्यंत पसरलेलं ऊन. त्यात गोणपाट अंथरून आई तिला उघडी निजवायची आणि तेलानं पाय रगडायची. धनुकलीसारखे वाकलेले ते पाय. गुडघ्याशी हात आला की जीव जायचा. "पावकी म्हण, ठकू," आई सांगायची. ठकू हे तिचं माहेरचं नाव. आणि ठकू दातओठ खात म्हणायची: पाव, अर्धा, पाऊण, एक. एकावर आलं की आई हात उचलायची, श्वास घेऊ द्यायची, पुन्हा सुरू. पाय सरळ झाले. आतलं हाड तेवढं आईच्या हाताला सापडलं नव्हतं. त्या हाताची बोटं खरखरीत होती, कारण आई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची आणि सुया टोचून टोचून तिच्या बोटांची टोकं निबर झाली होती. ठकू अंगावर पीत होती तेव्हाच मानमोडीच्या साथीत वडील गेले. त्यामुळं वडील तिला आठवत नसत, आणि बांगड्या घातलेली आईही आठवत नसे. हे दुसरं तिला पुष्कळ मोठी झाल्यावर कळलं. आळीतल्या बाकीच्या पोरांना आई कुठं आहे हे कानानं कळे. डब्यातला गूळ चोरताना बांगड्या वाजल्या की ती पसार होत. ठकू दरवेळी पकडली जायची. तिची आई आली तरी आवाज नाही, गेली तरी आवाज नाही. दुपारी झोपेतून जाग यायची आणि आई खोलीत आहे की नाही हे कळायचं नाही. मग डोळे उघडून बघावं लागायचं, आणि कधीकधी ती नसायची. टांगा विश्रामबागेत शिरला तेव्हा प्रमोदिनीनं सवयीनं हात हलवून पाहिला. बांगड्या घट्ट होत्या, त्यांचाही आवाज होत नव्हता.

घरी सासूबाईंनी ऐकलं मात्र, त्यांच्या हातातलं निवडायचं तांदळाचं ताट खाली आलं. अनसूयाबाई डोहाळजेवणापासून वाईहून येऊन राहिल्या होत्या. जिभेनं तिखट, पोटात माया, आणि शास्त्र म्हणाल तर घाटावरच्या चार भटजींना पुरून उरेल एवढं. गुरुवार ऐकून त्या खूश झाल्या होत्या, दत्ताचा वार म्हणून. त्यांनी पंचांगही काढून बघितलं होतं आणि डॉक्टर मुहूर्त पाळणारे दिसतात अशी त्यांची समजूत झाली होती. आता त्या म्हणाल्या, "फोडायच्या? अगं, शब्द तरी बरा वापर. बांगडी वाढवतात, फोडत नाहीत. आणि भरल्या पोटी?" मग त्यांना आठवलं की घट्ट भरायला सांगणाऱ्या आपणच. डोहाळजेवणाला तात्याबा कासार आला होता. "घट्ट भर रे, सैल चुडा म्हणजे सैल संसार," त्या म्हणाल्या होत्या, आणि तात्याबानं प्रमोदिनीचा पंजा असा दाबून चोळामोळा केला होता की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी ती फुलांच्या वाडीत बसली होती, सुवासिनी ओटी भरत होत्या, आणि स्वयंपाकघराच्या दारातून तिला आईची पाठ दिसत होती. बाळंतविड्याचं सगळं आईनं हातानं शिवून आणलं होतं, झबली, कुंच्या, दुपटी. पण ते तिच्या ओटीत घातलं शेजारीणबाईंनी. "आई, पुढं ये ना," तिनं हाक मारली. "आले, आमटी उतू जाईल," आई म्हणाली आणि आली नाही. आमटी केव्हाच उतरवलेली होती, हे प्रमोदिनीला वासावरून कळत होतं.

तात्याबाला निरोप गेला. तो आला, ओट्यावर टेकला, प्रमोदिनीचे हात लांबूनच बघितले आणि त्यानं सरळ कानांवर हात ठेवले. "न्हाई जमायचं आईसाब. भरायचं माजं काम, उतरवायचं न्हाई. आन पोटुशी बाईच्या हातातली तर माज्या बानंबी कवा काढली न्हाईत. उद्या काय वंगाळ झालं तर गावात कोन माज्याकडनं बांगड्या भरंल? आवं, तुमीच इचार करा." सासूबाईंनी विचार केला. तो माणूस खोटं बोलत नव्हता. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "गुरुवारी तिथंच बघू. साबण लावून मी काढीन. तोवर हात रिकामे नकोत." घोडामैदान जवळच होतं, आणि त्या आत्तापासूनच साबणाची वडी शोधायला लागल्या. प्रमोदिनीला त्यांची दया आली. तिला स्वतःला बांगडीच्या शकुनाअपशकुनाचं काही नव्हतं. काच ती काच. पण फडक्याखालून बत्त्यानं काच फुटण्याचा आवाज तिनं लहानपणी एकदा शेजारच्या घरातून ऐकला होता, आणि त्यानंतर त्या घरातल्या काकू आवाज न करता चालायला लागल्या होत्या. तो आवाज आपल्या मनगटावर ऐकून मग आत जायचं, हे काही तिच्या वेळापत्रकात बसेना.

मंगळवारी आई साताऱ्याहून आली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत. ते जमत नाही म्हणून माहेरच जणू पेटीत भरून आणल्यासारखी ती आली होती. डिंक, आळीव, रेशनमधून महिनोन्महिने वाचवलेली साखर, आणि आणखी एक कुंची, नाडी घालायची राहिलेली. दुपारी दोघी मागच्या पडवीत बसल्या. प्रमोदिनीनं एका दमात सगळं सांगितलं, छेद कुठं घेणार तेसुद्धा. आई ऐकत होती आणि कुंचीत नाडी ओवत होती. "आई, गुरुवारी तू माझ्याजवळ थांबायचं," प्रमोदिनी म्हणाली. "आत नेईपर्यंत."

"मी येणार आहे," आई म्हणाली. "मागच्या बाजूला बसेन, बंबापाशी. पाणी लागेल, फडकी लागतील. पण तू आत जाताना मी समोर यायची नाही."

"का?"

"तुला ठाऊक आहे का ते."

"आई, तू शाळेत शिकवतेस. तुला पटतं हे?"

आईनं नाडीचं टोक दातानं तोडलं. "मला पटतं की नाही ते विचारू नकोस, ठकू. लोकांच्या लग्नांत मी मागच्या दारानं गेले, तुझ्या लग्नात माजघरात बसले. काही वाटलं नाही, सवय झाली. पण परवा तुला काही झालं, तर लोक काय म्हणतील ते सोड, मी मला काय म्हणेन? तुझ्या जिवावर नाही मला ही परीक्षा घ्यायची." आणि मग, जणू काही झालंच नाही अशा आवाजात, "पाय सुजलेत गं तुझे. तेल आण, चोळून देते."

प्रमोदिनीला वाद घालता येत होता. सभेत, शिक्षकांच्या खोलीत, नवऱ्याशी, ती कुणाला हार जात नसे. पण इथं वाद घालायचा कशाशी? आई अंधश्रद्ध असती तर समजूत काढता आली असती. तिला तर सगळं कळत होतं, आणि कळून ती बंबापाशी बसणार होती. बुधवारी संध्याकाळी उपाशीपोटी अंगणातल्या खुर्चीत बसून प्रमोदिनीनं आपल्या मनाचा तळ चाचपून पाहिला. मरणाची भीती? ती नव्हती. युद्धानंतर आलेलं पेनिसिलीन डॉक्टरांच्या कपाटात होतं, डॉक्टरांचा हात पक्का होता, आणि स्वतःच्या शरीरावर तिचा विश्वास होता. वाकडं असून सरळ चाललेलं शरीर होतं ते. कळा आल्या नाहीत तर आई कसली, असं शेजारीणबाई म्हणाल्या होत्या, त्याचंही तिला हसू आलं होतं. कळा तिनं लहानपणीच परसातल्या उन्हात आगाऊ सोसून ठेवल्या होत्या. मग राहिलं काय? राहिलं एवढंच की तोंडावर ईथरची जाळी येईल, वास येईल, आणि शुद्ध जाण्याआधी ती मान वळवून बघेल, तर खोलीत सगळे परके. दुपारच्या झोपेतून उठल्यावर व्हायचं तसं. ती तिशीला आलेली बाई होती, चाळीस मुलींच्या वर्गाला एका नजरेत गप्प करणारी, आणि तिला आई हवी होती. हे कबूल करायला तिला लाज वाटली नाही. फक्त ते साधायचं कसं, हे सुचत नव्हतं. कॉलेजच्या बाजूनं चिंतामण सायकलवरून येताना दिसला. घंटी उगाचच वाजवत होता, घाबरला की वाजवायचा तसा.

गुरुवारी सकाळी प्रसूतिगृहाच्या खोलीत तिनं पांढरा झगा घातला, फिरकीच्या पाटल्या उघडून चिंतामणच्या हाती दिल्या आणि त्याला व्हरांड्यात घालवून दिलं. सासूबाई साबणाचं पाणी घेऊन समोर बसल्या. त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडापर्यंत ओढली. बांगडी तिथं अडली, त्यांनी जोर केला, आणि कट् असा बारीक आवाज झाला. हिरवा तुकडा झग्यावर पडला; मनगटावर रक्ताचा एक थेंब आला. काही विशेष लागलं नव्हतं. पण अनसूयाबाईंनी साबणाचं भांडं बाजूला सारलं आणि पदर तोंडाला लावून त्या रडायलाच लागल्या. "माझ्या हातून... नेमकं माझ्या हातून..."

"सरा आजी," आक्काताई बत्ता आणि फडकं घेऊन पुढं झाली. "डाक्टर हात धुवाय लागलं. लय येळ न्हाई आता."

प्रमोदिनीनं दोन्ही हात मागं घेतले आणि पोटावर ठेवले. आत मूल शांत होतं, जणू तेही काय होतंय ते ऐकत होतं. तिला एकदम सगळं सोपं दिसलं. काल संध्याकाळभर जे सुटलं नव्हतं, ते दोन ओळींत सुटलं. "बत्ता नको," ती म्हणाली, आणि आवाज वर्गातला लागला. "बांगड्या माझी आई काढेल. मागं बंबापाशी बसली आहे, तिला बोलवा. ती येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

सासूबाईंचं रडणं थांबलं. त्या सुनेकडं बघत राहिल्या. काय बोलतेयस तू, अशा वेळी, शुभ कामाला निघताना, हे सगळं त्यांच्या तोंडावर उमटून गेलं. मग त्यांची नजर त्या हिरव्या तुकड्यावर गेली. आक्काताई बत्ता ठेवून म्हणाली, "बोलावते की. त्यात काय?"

"थांब," अनसूयाबाई उठल्या. "तू बोलावून ती यायची नाही." आणि डोळे पुसत त्या स्वतः गेल्या.

मागच्या खिडकीतून प्रमोदिनीला बंब दिसत होता, त्याचा धूर दिसत होता, आणि धुरापलीकडं चुलीपुढं बसावं तशी बसलेली आई. सासूबाई तिच्यापुढं उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. आईनं मान हलवली. सासूबाई पुन्हा बोलल्या. आईनं पुन्हा मान हलवली आणि फडक्यांची घडी करायला घेतली. तेव्हा वाईच्या अनसूयाबाईंनी, ज्यांनी जन्मात कधी देवाला निघताना विधवा बाई आडवी आली तर पाऊल पुढं टाकलं नव्हतं, त्यांनी वाकून तिचं ते रिकामं मनगट धरलं आणि तिला ओढून उभी केली. त्या काय म्हणाल्या हे प्रमोदिनीला पुढंही कधी कळलं नाही. दोघींपैकी कुणीच सांगितलं नाही.

आई खोलीत आली ती मान खाली घालून. तिनं मुलीच्या तोंडाकडं बघितलं नाही. पायथ्याशी बसून फक्त हात हातात घेतला. "साबण नको," ती म्हणाली. "तेल द्या. गोडंतेल असेल तर पाहा." आक्काताईनं वाटी आणली. आईनं प्रमोदिनीचा हात उंच धरायला लावला आणि बोटांच्या टोकांपासून मनगटाकडं सूज ढकलत चोळायला लागली. खरखरीत बोटं, तेलाचा वास, खिडकीतून आलेली उन्हाची पट्टी. प्रमोदिनीनं डोळे मिटले. "दुखेल जरा," आई म्हणाली. "पावकी म्हण, ठकू." आणि प्रमोदिनी म्हणायला लागली. अंगठा आत दुमडला, पंजा निमुळता झाला, एकावर आल्यावर आई थांबली, श्वास घेऊ दिला, पुन्हा. पहिली बांगडी हाडावरून उतरली. मग दुसरी. ओढाताण नव्हती, शिवणीतला दोरा उसवून काढावा तशा त्या निघत होत्या. उजवा हात झाला, मग डावा. एकही वाढली नाही. "आगं बया," आक्काताई म्हणाली, आणि तेवढ्यावरच थांबली, हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं. सासूबाईंनी हळदीत भिजवलेला दोरा उघड्या मनगटांना बांधला. दोरा चालंल, असं आक्काताईनं डॉक्टरांच्या वतीनं जाहीर केलं.

आईची ओंजळ बांगड्यांनी भरली होती. तिनं त्या टेबलाच्या कडेला ठेवायला हात पुढं केला तोच सासूबाई म्हणाल्या, "खाली नका ठेवू, विहीणबाई. खाली नाही ठेवायच्या." मग कुठं ठेवायच्या, हे कुणी बोललं नाही. बाहेर तिला न्यायला आलेल्या ढकलगाडीच्या चाकांचा आवाज झाला. आई तशीच ओंजळ धरून उभी राहिली, आणि गोंधळून, काय करू असं विचारावं तसं तिनं मुलीकडं बघितलं. सरळ तोंडाकडं. प्रमोदिनीला तेच हवं होतं. सुरकुतलेलं, काळजीनं काळवंडलेलं, घामानं भिजलेलं ते तोंड तिनं डोळे भरून पाहून घेतलं. "झालं," ती म्हणाली. "बघितलं तुझं तोंड. आता मी जाते, आणि येते."

आत सगळं पांढरं होतं आणि थंड होतं. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. ती म्हणाली, तुम्हीही घाबरू नका, आणि तोंडावर जाळी येण्याआधी डॉक्टर हसलेले तिला दिसले. वास आला, गोड आणि घशात बोचणारा. मनगटं हलकी वाटत होती, स्वतःची नसल्यासारखी. कुणीतरी नाडी धरली. आकडे म्हणा, कुणी सांगितलं. आकडे तिच्याकडं हवे तेवढे होते. उन्हात गोणपाट अंथरलेलं होतं. पाव. अर्धा. पाऊण.

एक, असं ती म्हणाली, किंवा म्हणाली असं तिला वाटलं. तोंड कोरडं होतं. पोटावर कुणी दगडी पाटा ठेवल्यासारखं जड होतं, आणि त्या जडपणाखाली आग होती. डोळे उघडत नव्हते. लांबवर कुणीतरी रडत होतं, नवं, चिडलेलं, खणखणीत. ते आपलं आहे हे तिला कळलं आणि अंगभर काहीतरी पसरत गेलं. सुख म्हणतात ते हेच, एवढं त्या गुंगीतही तिला स्पष्ट कळलं. मग त्या रडण्याच्या जवळून बांगड्यांचा आवाज आला. बारीक, सैल, एकमेकींवर पडणाऱ्या काचेचा. सासूबाई असतील, तिला वाटलं. पण सासूबाईंच्या बांगड्यांबरोबर सोन्याचा बद्द आवाज यायचा. ही नुसती काच होती. आवाज जवळ आला, उशाशी थांबला, आणि एक हात तिच्या कपाळावर टेकला. निबर, खरखरीत बोटांचा. असा हात तिला जगात एकच ठाऊक होता, आणि त्या हाताला कधी आवाज नव्हता.

"आई," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "वाजतंय."

"तुझ्याच आहेत," आईचा आवाज शरमलेला होता, चोरी पकडल्यासारखा. "खाली ठेवायच्या नव्हत्या. आणि ही बाहेर आली, आक्काताई म्हणाली घ्या, तर हात मोकळे हवेत ना घ्यायला? कुठं ठेवणार मग? मुलगी आहे, ठकू. पाय बघितले मी. सरळ आहेत. तू उठलीस की काढते मी ह्या, लगेच काढते."

"राहू देत," खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या. त्या कशात तरी गुंतल्याचं सोंग करत असाव्यात, कारण आवाज भिंतीकडून आला. "बाळंतिणीचे हात सुजलेलेच आहेत अजून. एवढ्यात कशाला? बारशापर्यंत राहू देत."

मूल पुन्हा रडलं. आई उठली, बांगड्या खिडकीकडं गेल्या, थांबल्या, पाळण्याशी आल्या, दुपट्याबरोबर खालीवर झाल्या. डोळे आता उघडता आले असते. प्रमोदिनीनं ते मिटूनच ठेवले. आई खोलीत कुठं आहे, हे तिला न बघता कळत होतं.